रक्ताचा रंग आणि पित्ताचा रंग

मुका मार लागलेली जागा आधी काळीनिळी दिसते, मग हिरवट होते आणि शेवटी पिवळी पडते. श्रोतेहो, शरीर रक्ताचा तांबडा रंग कसा मोडते, त्याची ही उघड साक्ष आहे. या रंगद्रव्याला हीम म्हणतात. त्याच्या मधोमध लोखंडाचा एक अणू बसलेला असतो.

रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पुढे प्लीहा आणि यकृत तिची मोडतोड करतात. १८४७ साली जर्मन वैद्यकपंडित रुडॉल्फ फिर्खो यांना साकळलेल्या जुन्या रक्तात रंगीत स्फटिक आढळले. पित्ताच्या रंगाशी यांचे नाते असावे, असे त्यांना वाटले. पण हे घडते कसे? त्याचा उलगडा १९६८ साली टेनहुनेन, मार्व्हर व श्मिड यांनी केला. हीम ऑक्सिजनेज नावाचे एन्झाइम हीमचे कडे फोडते. त्यातून हिरवे बिलिव्हर्डिन, लोखंड आणि थोडासा कार्बन मोनॉक्साइड निघतो. होय, बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा तोच वायू! हिरव्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते.

आता धातूंची गंमत पाहा. १९७४ साली मेन्स व कॅपस यांनी उंदरांना कोबाल्टचा क्षार टोचला. यकृतातले हे एन्झाइम कित्येक पटींनी वाढले. हीम लवकर मोडू लागले आणि नवे हीम घडणेही मंदावले. परिणामी, औषधांचा व विषांचा निकाल लावणारे यकृतातले हीमयुक्त प्रथिन घटले. म्हणजे धातूने घरचा राखणदारच दुबळा केला. १९७६ साली कथलाच्या क्षाराने मूत्रपिंडात तेच एन्झाइम वाढल्याचे दिसले.

आणि तेच कथील उलटेही वागले! हीममधल्या लोखंडाच्या जागी कथील बसवले, तर एन्झाइम त्याला धरते, पण फोडू शकत नाही. तिथेच अडकून पडते. १९८१ साली ड्रमंड व कॅपस यांनी या युक्तीने उंदरांच्या नवजात पिलांची कावीळ रोखली. पुढे तान्ह्या मुलांवरही काळजीपूर्वक प्रयोग झाले. तरी आजही मुख्य उपचार प्रकाशाचाच आहे. क्रेमर व सहकाऱ्यांनी तो १९५८ साली इंग्लंडमधून जगापुढे मांडला.

एवढे सांगण्याचे कारण असे की, बिलिरुबिन फार वाढले तर ते तान्ह्याच्या मेंदूत शिरते, आणि तिथली हानी भरून येत नाही. म्हणून जन्मानंतर पहिल्या दिवसातच बाळ पिवळे दिसले, किंवा पिवळेपणाबरोबर ते सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा. गुरुजनांनीही ही गोष्ट गावातल्या आयाबायांच्या कानावर जरूर घालावी.