ड्रॅगनलान्स: ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट (चित्रपट)

ड्रॅगनलान्स: ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट हा २००८ साली थेट डीव्हीडीवर प्रकाशित झालेला इंग्लिश ॲनिमेशनपट आहे. तो मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांच्या १९८४ मधील कादंबरीवर आधारित आहे. या कादंबरीचे कथाविश्व 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी रचले गेले होते. चित्रपटात किफर सदरलँड यांनी मांत्रिक रेस्टलिनला, तर लूसी लॉलेस यांनी गोल्डमूनला आवाज दिला आहे.

चाहत्यांचा प्रतिसाद

ड्रॅगनलान्स मालिकेवरील हा पहिलाच चित्रपट असल्याने कादंबरीच्या वाचकांना त्याची उत्सुकता होती; प्रत्यक्षात मात्र बहुतेकांची निराशा झाली. मुख्य आक्षेप चित्रणाविषयी होता. नायक द्विमितीय रेखाटनात, तर ड्रॅगन व ड्रॅकोनियन सैनिक संगणकनिर्मित त्रिमितीय रूपात दाखवल्याने एकाच दृश्यातील पात्रे परस्परांपासून तुटक भासतात. सुमारे दीड तासात संपूर्ण कादंबरी बसवल्यामुळे साथीदारांमधील स्नेह व मतभेद उलगडण्यास अवकाश उरला नाही, अशीही टीका झाली. मूळ कथानकाशी राखलेली निष्ठा काही चाहत्यांना भावली. परंतु कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकांसाठी तीच घाईची व दुर्बोध ठरली. कादंबरीत्रयीच्या उर्वरित दोन भागांवर चित्रपट निघाले नाहीत. त्यामुळे पडद्यावरील कथा अपूर्णच राहिली.