पगारपत्रकावरील एक कपात

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-चिंचवडच्या माळांवर कारखान्यांसाठी जमिनी आखल्या, तेव्हापासून या पट्ट्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा एक नवा वर्ग उदयास आला. त्याच्या पगारपत्रकावर १९७५ सालापासून व्यवसायकर नावाची एक लहानशी कपात उमटू लागली, आणि तिचा धागा थेट दुष्काळाने करपलेल्या गावांपर्यंत जातो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग आरंभिला होता. १९७२च्या दुष्काळात लक्षावधी स्त्री-पुरुष खडी फोडीत आणि पाझर तलावांची माती वाहत जगले, तेव्हा त्या प्रयोगाचे मोल शासनाला उमगले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चाचा मुख्य आधार म्हणजे हाच व्यवसायकर, आणि जितका वसूल होईल तितकीच भर सरकारी तिजोरीतून.

कराने कष्टाची उमेद खचते आणि मदतीने माणूस आळशी होतो, असे म्हणणाऱ्यांनी ही योजना बारकाईने पाहावी. व्यवसायकराला राज्यघटनेनेच मर्यादा घातली आहे. ती वर्षाला अडीचशे रुपये होती, १९८८ साली अडीच हजार झाली. त्यामुळे कमाल कर भरणाऱ्या कामगाराने जादा पाळी केली, तरी तिच्या मजुरीस हा कर शिवत नाही. दुसऱ्या टोकास, हजेरीपटावर नाव लागले तरी मजुरी मिळे ती खोदलेल्या मातीच्या मोजमापाप्रमाणे. भर उन्हातल्या त्या कामावर गरजवंताखेरीज कोण जाणार? आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन सरकारवर होते. या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी असे. कित्येकींचे कष्ट सरकारी दप्तरात प्रथमच त्यांच्या स्वतःच्या नावाने नोंदले गेले.

२०२३ साली शासनाने महिना पंचवीस हजारांपर्यंत वेतन घेणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ केला. चाकणच्या कारखान्यात आज जुळणीस उभी असलेली एखादी मुलगी अशाच मजूर स्त्रीची नात असू शकेल. ज्याला काम लाभले त्याने, काम न लाभलेल्याच्या हाती कुदळ देण्याचा भार थोडा तरी उचलावा, हा त्या कपातीचा अर्थ तिला कोणीतरी सांगितला पाहिजे.