मीठ, क्रांती आणि बादशाही

फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा इतिहास लिहिताना ग्रंथकारांची दृष्टी साहजिकच बॅस्तिलचा तुरुंग, व्हर्सायचा राजवाडा आणि वधस्तंभ यांवर खिळते. परंतु 1789 च्या वसंतऋतूत गावोगावच्या रयतेने आपल्या गाऱ्हाण्यांच्या ज्या याद्या राजाकडे धाडल्या, त्या चाळून पाहिल्या तर मानवी हक्कांच्या तत्त्वचर्चेपेक्षा स्वयंपाकघरातल्या मिठाची तक्रारच अधिक पोटतिडकीने मांडलेली आढळते. ‘गाबेल’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला मिठावरील कर हा त्या जुन्या राज्यव्यवस्थेचा सर्वांत तिरस्कृत अंश होता, आणि राजा, क्रांती व बादशाही या तिन्ही सत्तांनी त्याचे काय केले हे पाहिले असता त्या पंचवीस वर्षांच्या उलथापालथीत नेमके काय बदलले याचा बराच उलगडा होतो.

अर्थमंत्री कोल्बेर याच्या काळी, 1680 च्या राजाज्ञेने, या कराचे नियम एकत्र बांधले गेले. पॅरिसभोवतालच्या विस्तीर्ण मुलखात, म्हणजे ‘थोरल्या गाबेल’च्या प्रांतांत, आठ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे सालीना सुमारे 7 पौंड मीठ सरकारी कोठारातून ठरल्या दराने विकत घेण्याची सक्ती असे, आणि हे मीठ केवळ हंडीत व ताटात वापरण्यापुरतेच समजले जाई. हिवाळ्याच्या बेगमीसाठी डुक्कर मारून त्याचे मांस खारवायचे झाल्यास गृहिणीने त्याकरिता वेगळे मीठ घेऊन त्याची पावती जपून ठेवावी, अन्यथा शिपाई घरात शिरून झडती घेतील आणि दंड करतील, असा कायदा होता. याउलट ब्रिटनी प्रांत 1532 साली फ्रान्सला जोडला गेला तेव्हा त्याचे जुने हक्क अबाधित राखण्याची हमी दिलेली असल्यामुळे तेथे हा कर नव्हताच. त्यामुळे समुद्रकाठच्या मिठागरांतले जे शंभर पौंड मीठ ब्रिटनीत दोन-तीन लिव्रला (हे तेव्हाचे चलन) मिळे, त्यालाच सरहद्द ओलांडताच साठाच्या आसपास लिव्र मोजावे लागत. 1781 साली अर्थमंत्री नेकेर याने राज्याचा जमाखर्च छापून प्रसिद्ध केला, त्यासोबत या करविभागांचा नकाशाही जोडला होता. एकाच राजाच्या प्रजेत केवळ जन्मस्थानावरून केवढे अंतर पडते, हे त्या नकाशाने सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले.

वसुलीचे काम सरकार स्वतः करीत नसे. सहा-सहा वर्षांच्या मुदतीने मीठ, तंबाखू व जकाती यांचा इजारा एका श्रीमंत मंडळीला दिला जाई. हे इजारदार ठरलेली रक्कम खजिन्यात भरीत आणि वरचा नफा आपसांत वाटून घेत. त्यांच्या पदरी वीस हजारांहून अधिक हत्यारबंद शिपाई होते. तरीही मेन आणि आंजू या प्रांतांच्या ब्रिटनीकडील सरहद्दीवर चोरट्या मिठाचा धंदा जोरात चाले: बायका झग्याखाली पिशव्या बांधून नदी ओलांडीत, शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांच्या पाठीवरून रात्री मीठ पलीकडे जाई, आणि पकडलेल्या पुरुषांना दंड, कैद व अखेर गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा होई. जिथे कायदा पाळणाऱ्याचे दिवाळे निघते आणि मोडणाऱ्याचे पोट भरते, तिथे रयतेची सहानुभूती कोणाकडे झुकणार हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हा साचलेला रोष 1789 च्या जुलैत फुटला. पॅरिसमध्ये जकात चुकवून माल येऊ नये म्हणून इजारदारांनी शहराभोवती नवी भिंत घातली होती आणि लदू या वास्तुशास्त्रज्ञाकडून तिच्या नाक्यांवर भव्य इमारती उभारून घेतल्या होत्या. बॅस्तिलवर हल्ला होण्यापूर्वीच लोकांनी त्यांपैकी कित्येक नाकी जाळून टाकली. राष्ट्रसभेने त्या सप्टेंबरात मिठाचा दर पौंडास 6 सूंवर (सू हे लिव्रहून लहान नाणे) आणून तडजोड करून पाहिली, परंतु रयतेने कर देणे केव्हाच बंद केले होते. अखेरीस 1790 च्या मार्चमध्ये गाबेल रद्द झाला आणि पुढील वर्षी इजाराही मोडीत निघाला. इजारदारांवरचा राग मात्र शमला नाही. 8 मे 1794 रोजी त्यांपैकी अनेकांचा शिरच्छेद झाला, आणि त्यांत रसायनशास्त्राला नवा पाया घालून देणारा लाव्हाझिए व त्याचे सासरेही होते. इजाऱ्यातली त्याची भागीदारी त्याला त्याच्या विज्ञानापेक्षा भारी पडली.

इतिहासाचा उपरोध असा की, या मुक्तीने ज्यांचा धंदाच बुडाला ते चोरटे मीठवाले क्रांतीचे ऋणी राहिले नाहीत. सरहद्दच नाहीशी झाल्यावर चोरून न्यायचे तरी काय? मायेन परिसरातला झां कोतेरो, ज्याला ‘शुआं’ हे टोपणनाव होते, हा असाच एक मिठाचा चोरटा व्यापारी. सक्तीची सैन्यभरती आणि धर्मगुरूंवरील निर्बंध यांनी चिडलेल्या शेतकऱ्यांसह तो प्रजासत्ताकाविरुद्ध उठला आणि ज्या राजाचा महसूल त्याने आयुष्यभर बुडविला, त्याच राजघराण्यासाठी 1794 साली लढता लढता मेला.

नेपोलियनने 1799 मध्ये सत्ता हाती घेतली आणि 1804 मध्ये तो बादशहा झाला, तेव्हा युद्धांचा खर्च भागविण्यासाठी त्याची नजर पुन्हा अप्रत्यक्ष करांकडे वळली. जमिनीवरचा कर वाढविला तर क्रांतीत जमिनी विकत घेतलेला शेतकरी बिथरेल. उलट मद्य, तंबाखू, मीठ यांवरची पट्टी घासाघासातून, न बोलता वसूल होते. त्याच वर्षी मद्यादी वस्तूंवरील करांसाठी नवे खाते उघडले, आणि 1806 च्या एप्रिलमध्ये रस्त्यावरील पथकर उठवून त्याच्या बदल्यात मिठावर किलोमागे दोन देसीम, म्हणजे फ्रँकचा पाचवा हिस्सा, कर बसला. 1810 च्या अखेरीस तंबाखूचा मक्ताही सरकारने आपल्याकडे घेतला. 1814 मध्ये बूर्बों राजघराणे परतले तेव्हा राजाच्या भावाने हे कर उठविण्याचे आश्वासन दिले होते. पण रिकाम्या खजिन्याने तेही मोडायला लावले, आणि मिठाचा कर फ्रान्समधून कायमचा गेला तो दुसरे महायुद्ध संपल्यावरच.

म्हणून क्रांती व्यर्थ गेली असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. बादशहाने कर पुन्हा बसविला, परंतु तो मिठागरावरच, एका दराने, सगळ्या देशाला सारखा. सक्तीची खरेदी, घरोघरची झडती, इजारदारांचे खासगी शिपाई आणि प्रांताप्रांतांतला भेद परत आणण्याची छाती त्याच्यासारख्या सर्वसत्ताधीशालाही झाली नाही. रयतेने कर नको म्हणून हाक दिली होती, आणि तिला मिळाला तो सर्वांना समान असा कर. मागितलेल्यापेक्षा हे उणे होते. तथापि राज्यसत्ता जन्म व प्रांत पाहून माणसामाणसांत भेद करू शकते, हे तत्त्व 1790 नंतर फ्रान्सच्या करवसुलीत कोणत्याही राजाला वा बादशहाला पुन्हा रुजविता आले नाही.