आमच्या गावची बाटली

कुपवाड कुठं आलं, हे मला आजवर एका वाक्यात कुणालाही सांगता आलेलं नाही. मुंबईच्या माणसाला 'सांगलीजवळ' म्हणावं, तर शेजारी बसलेला मिरजकर दुखावतो. 'मिरजेजवळ' म्हणावं, तर सांगलीकर. 1998 साली आमची महानगरपालिका झाली तेव्हा तिचं नाव 'सांगली मिरज आणि कुपवाड' असं पडलं. त्यातला तो 'आणि' पाहिला की मला बँकेतला ताळेबंद आठवतो. मोठमोठी खाती मांडून झाली की तळाशी 'आणि इतर' अशी एक ओळ असते. आम्ही कुपवाडकर म्हणजे त्या ओळीतली रक्कम. नसली तर ताळेबंद जुळत नाही, असली तर कुणी विचारत नाही.

भोवतालच्या गावांचं तसं नाही. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला 2018 साली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली मिळालं. कोल्हापूरचा गूळ आणि कोल्हापुरी चप्पल तर कधीच्याच सरकारी दप्तरी लागल्यात. कुपवाडच्या नावानं काय आहे? एमआयडीसी आहे. पण एमआयडीसी काही डब्यात भरून पाहुण्यांना देता येत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बिअर. (हे वाक्य आमच्या सौभाग्यवतींनी वाचू नये अशी व्यवस्था केलेली आहे.)

माझा भाचा पुण्यात क्राफ्ट बिअर करायच्या कामाला आहे. क्राफ्ट बिअर म्हणजे मोठ्या कारखान्यात नव्हे, तर लहान जागेत, थोडीथोडी, हरतऱ्हेच्या चवीची बनवलेली बिअर. मायक्रोबायॉलॉजी शिकलेला मुलगा. नोकरी लागल्यावर त्यानं आईला 'ब्रुअरी' म्हणून सांगितलं, बहिणीनं 'भट्टी' असं ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. तर तो गेल्या दिवाळीला एक फाईल घेऊन आला. म्हणाला, "मामा, कुपवाडला परत यायचंय. एमआयडीसीत लहानशी ब्रुअरी काढतो. हिशेब तेवढा बघा."

मी बी.कॉम. झालेला माणूस. हिशेब बघितला. चांगला होता. पण बाटलीवरच्या लेबलाचं चित्र होतं त्या पानावर अडखळलो. नाव होतं 'कुपवाड'. मी पेन्सिलीनं त्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पुणे'.

"का हो मामा?"

"अरे, कुपवाडची बिअर कोण पिणार?"

"तुम्ही पिणार ना?"

यावर मला खोकला आला.

मी तरी काय चूक बोललो होतो? बिअरच्या जगात चवीच्या आधी गावाचं नाव लागतं, याला इतिहास साक्षी आहे. इंडिया पेल एल नावाची बिअर घ्या. पुण्या-मुंबईची पोरं तिला लाडानं 'आयपीए' म्हणतात. नावात इंडिया, पण ती करायचे लंडनात आणि बर्टन गावात, आणि प्यायचे इथले गोरे साहेब. इंडियाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पुण्यात 2009 साली 'डूलाली' निघाली. आज पुणेकर ती आपली म्हणून अभिमानानं सांगतात. पण डूलाली म्हणजे नाशिकजवळचं आपलं देवळाली! तिथल्या छावणीत बोटीची वाट बघून बघून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत डोकं फिरण्यालाच 'डूलाली' म्हणू लागले. म्हणजे पुणेकरांचा अभिमान, नाशिककरांचं गाव आणि इंग्रजांचं वेड, असा हा तिहेरी करार.

जर्मनीत तर कहर आहे. तिथं कलोन आणि ड्यूसेलडॉर्फ ही दोन शहरं सुमारे 40 किलोमीटरवर. म्हणजे साधारण आमची सांगली आणि कोल्हापूर. कलोनवाले फिकट सोनेरी 'कोल्श' पितात, ड्यूसेलडॉर्फवाले तांबूस काळसर 'आल्ट'. एकाच्या गावात दुसऱ्याची बिअर मागणं म्हणजे कोल्हापुरात बसून सांगलीच्या भडंगाचं कौतुक करण्यासारखं. कलोनच्या ब्रुअरींनी 1986 साली लेखी करारच केला, की कोल्श कशाला म्हणायचं आणि ती कुठं करायची. गंमत म्हणजे दोन्ही बिअर एकाच घराण्यातल्या. दोन्हींत यीस्ट वर येऊन आंबवतं, दोन्ही मग थंड जागी मुरवतात. रंग सोडला तर सख्ख्या बहिणी. पण सख्ख्या बहिणींचं भांडण जास्त रंगतं, हे काय सांगायला पाहिजे?

भाचा म्हणाला, "मामा, नाव झाकून बघूया की."

ठरलं. एका रविवारी, सौ. माहेरी गेलेली असताना, आमच्या गच्चीवर चार परीक्षक जमले. शेजारचे वकील, मूळचे सांगलीच्या गावभागातले. आमचे हेडकॅशियर, मिरजेचे. मेहुणे, कोल्हापूरचे. आणि मी. बाटल्या चार: एक बेल्जियमची, एक बेंगळुरूची, एक आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली नेहमीची आणि एक भाच्यानं पुण्यात स्वतःच्या हातानं केलेली. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. भाच्यानं हाताला येईल तो पेपर घेतला, आणि तिथंच घोळ झाला. बेल्जियम गेलं 'केसरी'त आणि भाच्याची बाटली 'पुढारी'त.

मेहुण्यांनी 'केसरी'तला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दाजी, ही पुण्याची. पेपर बघायलासुद्धा नको. नुसता आव, आत काय नाही." मग 'पुढारी'तली घेतली. "आता ह्याला म्हणायचं दम! नाद खुळा! ह्यात पंचगंगेचं पाणी असणार." आणि दहापैकी नऊ मार्क दिले. वकीलसाहेबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली परदेशी ठरवली आणि तिच्यात 'युरोपातली हवा' लागते म्हणाले. हेडकॅशियर मिरजेचे असल्यामुळं त्यांना बेंगळुरूची बाटली 'किंचित उतरलेली' वाटली. हे ते तंबोऱ्याबद्दलही असंच बोलतात.

पाण्याची गोष्ट अगदीच खोटी नाही. बर्टनच्या पाण्यात जिप्सम असतं म्हणून तिथली एल खुलते. पिल्सेन गावचं पाणी मऊ म्हणून तिथली बिअर हलकी. पण मेहुण्यांच्या जिभेला पंचगंगा लागली ती कागदावरून.

आमचंच असं होतं असंही नाही. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये वाईनची अशीच नावं झाकून परीक्षा झाली होती. परीक्षक 9, सगळे फ्रेंच, सगळे नामवंत. समोर फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन. एका परीक्षकानं घोट घेऊन 'चला, आता फ्रान्समध्ये परत आलो' अशा अर्थाचा सुस्कारा टाकला. ती वाईन कॅलिफोर्नियाची निघाली. पांढऱ्यात आणि तांबड्यात, दोन्हींत पहिला नंबर अमेरिकेचा. एका बाईंनी तर आपली मार्कांची चिठ्ठी परत मागितली.

परत मागावी अशी चिठ्ठी आमच्या गच्चीवरही एक होती. ती माझी.

भाचा मार्क वाचायला लागला. "'पुढारी'तली बाटली. वकीलसाहेब सात. मिरजकर सात. कोल्हापूर नऊ. मामा..." तो थांबला. "मामा, चार?"

आता खरं सांगतो. बाकीचे तिघे अंदाज बांधत होते. मला एकट्याला ती बाटली कुणाची हे माहीत होतं, कारण ती गुंडाळताना मी पाहिली होती. आणि तरी मी चार दिले. तरी म्हणजे काय, म्हणूनच दिले. आपल्या बहिणीचा पोरगा, काल-परवापर्यंत माझ्या सायकलीच्या दांडीवर बसून कुपवाडच्या रस्त्यानं शाळेत जायचा, तो काय असं मोठं करणार? ओठाला लावायच्या आधीच मी मार्क मांडून मोकळा झालो होतो.

"काय कमी वाटलं मामा? सांगा, सुधारतो," तो म्हणाला. रागानं नाही, खरंच विचारत होता. मला काहीही सांगता आलं नाही.

मग त्यानंच पिल्सेनची गोष्ट सांगितली. बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेक देशातलं गाव. 1838 साली तिथल्या लोकांनी आपल्याच गावची 36 पिंपं बिअर टाउनहॉलसमोर ओतून दिली, कारण ती वाईट होती. मग गावकऱ्यांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि शेजारच्या बव्हेरियातून जोसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. 1842 साली त्यानं जी बिअर केली तिचं नाव आज जगातल्या कितीतरी बाटल्यांवर 'पिल्सनर' म्हणून असतं. भाचा म्हणाला, "मामा, 1838 साली पिल्सेन म्हणजे कुपवाडच होतं की. पण त्यांनी चाखली आणि मग ओतली."

एवढं बोलून तो ग्लास विसळायला गेला.

मेहुण्यांचा अभिमान आंधळा खरा, पण त्यांनी घोट तरी घेतला होता. मी मात्र न चाखताच ओतणाऱ्यातला. गावावर प्रेम असणं म्हणजे गावचं सगळं गोड म्हणणं नव्हे, हे मला पूर्वीपासून माहीत होतं. न चाखता कडू म्हणणं हेही प्रेम नव्हे, हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

रात्री सगळे गेल्यावर 'पुढारी'तला उरलेला अर्धा ग्लास मी घेतला. सावकाश. आठ मार्क. दोन कापले, कारण किंचित कडवट होती. आणि हे मी त्याला सकाळी सांगितलं, तेव्हा त्यानं वहीत लिहून घेतलं.

फाईलवरचं 'पुणे' मी खोडरबरानं पुसलं. कर्ज मंजूर करणं न करणं वरच्या साहेबांच्या हातात आहे, तिथं माझं काही चालत नाही. पण कागद माझ्या टेबलावरून पुढं जाताना त्यावर 'कुपवाड' लिहिलेलं होतं. पहिल्यांदाच, आधी 'आणि' न लावता.