चुन्यातली वीट: कमी ताकद, तरी जास्त टिकाऊ?

विटा, वाई, सातारा भागातल्या अनेक जुन्या वाड्यांत खाली दगड आणि वर चुन्यात बांधलेली वीट दिसते. ‘जुना चुना सिमेंटपेक्षा मजबूत’ असे म्हणतात. आकडे मात्र वेगळे आहेत.

ताकद किती?
आयएस १९०५ या भारतीय मानकानुसार १:६ सिमेंट-वाळूच्या मसाल्याची २८ दिवसांनंतरची ताकद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलो धरतात. निव्वळ चुन्याच्या मसाल्यांची साधारण ५ ते २० किलो. म्हणजे चुना कमकुवतच.

मग भिंत उभी कशी?
कारण भार कमी असतो. नऊ मीटर उंच वीटभिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोहूनही कमी भरतो. वाड्यांच्या भिंती जाड, त्यामुळे मजल्यांचा भारही पसरतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचे आतले लाकडी महाल १८२८ च्या आगीत जळाले. खाली दगड आणि वर वीट असलेला तट आजही उभा आहे.

चुना घट्ट कसा होतो?
चुनखडी भाजून कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळू घालून घाणीत मळतात. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडीसारखा होतो. जाड भिंतीत याला वर्षे लागतात. विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली तर चुना ओलाव्यातही धरतो.

खरा फायदा
पाया थोडा खचला तर चुन्याचे सांधे किंचित हलतात, वीट सहसा फुटत नाही. भिंतीत शिरलेली ओलही सांध्यांतून बाहेर पडते.

दुरुस्तीत होणारी चूक
जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला किंवा सांधे सिमेंटने भरले की ओल आत कोंडते आणि विटांतून वाट काढते. क्षार विटेतच साठतात, लोणा लागतो, पोपडे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची जाळी शाबूत आणि मधली वीट झिजलेली दिसते. सांधा पुन्हा भरता येतो. गेलेली वीट परत येत नाही.

म्हणून चुन्याच्या भिंतीला चुनाच वापरावा. आधी गळती आणि जमिनीची ओल थांबवावी. नवे बहुमजली बांधकाम, बीम आणि स्लॅब यांसाठी मात्र सिमेंटच हवे.