पाच बाण: फलटणच्या प्रवीण जाधवची गोष्ट

फलटण म्हटलं की इतिहासाची आवड असलेल्यांना काय आठवतं? निंबाळकरांचं संस्थान, शिवरायांच्या पत्नी सईबाईंचं माहेर, श्रीरामाचं देऊळ. पण आज मी फलटणचा जो इतिहास सांगणार आहे, तो अगदी ताजा आहे. त्यात राजवाडा नाही. नाल्याकाठचं एक कच्चं घर आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि धनुष्य आहे.

गोष्ट आहे फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवची. भारताकडून दोन ऑलिंपिक खेळलेला तिरंदाज. आता तुम्ही म्हणाल, पदक मिळालं का? नाही मिळालं. तरीही मी हा भाग का करतोय, ते ऐकता ऐकता लक्षात येईल.

प्रवीणचा जन्म ६ जुलै १९९६ चा. आई-वडील दोघंही मजुरी करणारे. हातावर पोट. एक वेळ अशी आली की पोरानं शाळा सोडून कामाला जावं, यापलीकडे घरात काही मार्ग दिसत नव्हता. तेव्हा मध्ये पडले शाळेतले शिक्षक विकास भुजबळ. त्यांनी प्रवीणला सांगितलं, खेळात ये, पळायला लाग. खेळातून काही जमलं तर शिक्षणही सुटणार नाही.

प्रवीण ४०० आणि ८०० मीटर पळायला लागला. पण एक अडचण होती. अंगात ताकदच नव्हती. पळायची इच्छा भरपूर, पण पोटात पुरेसं अन्न नाही, मग दम कुठून येणार? इथे भुजबळ सरांनी जे केलं ते कुठल्याही सरकारी योजनेत लिहिलेलं नसतं. त्यांनी पोराच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं, स्पर्धांना नेलं आणि पुढे क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रीडा प्रबोधिनी म्हणजे राज्य सरकारची निवासी खेळशाळा. राहणं, जेवण, शाळा आणि सराव, सगळं एकाच ठिकाणी. प्रवीणची निवड झाली अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या प्रबोधिनीत. तिथे एक साधी चाचणी झाली. दहा मीटरवर एक रिंग, हातात दहा चेंडू. प्रवीणनं दहाच्या दहा रिंगमध्ये टाकले. पळणाऱ्या पोराच्या हाती धनुष्य आलं ते असं!

पुढचा मुक्काम अमरावती. तिथली प्रबोधिनी तिरंदाजीसाठी नावाजलेली. सुरुवात बांबूच्या धनुष्यापासून झाली आणि मग आलं रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमध्ये असतं ते धनुष्य. आता जरा हिशोब करू. मोठ्या पातळीवरचा पुरुष तिरंदाज एक बाण सोडताना साधारण २० किलोंचा ताण ओढतो. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात. म्हणजे एका फेरीत मिळून जवळजवळ दीड टन वजन ओढायचं. लक्ष्य ७० मीटरवर, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १२ सेंटिमीटरचं. खांदा जरा थरथरला की बाण गेलाच बाहेर.

आणि प्रवीणचे खांदेच कमजोर होते. लहानपणीच्या उपासमारीचं देणं ते, कुठेतरी चुकवावं लागणारच होतं. गुण येईनात. त्याला प्रबोधिनीतून घरी पाठवायची वेळ आली. घरी म्हणजे कुठे? तर परत मजुरीकडे. शेवटची संधी म्हणून त्याला पाच बाण दिले गेले. पाच बाणांत जास्तीत जास्त ५० गुण. प्रवीणनं ४५ च्या वर काढले आणि तो राहिला.

मंडळी, इथे जरा थांबू या. अशी गोष्ट ऐकली की आपण पटकन म्हणतो, वा, काय जिद्द! जिद्द होतीच. पण माझं मन भलतीकडेच जातं. त्या दिवशी जोराचा वारा असता तर? पाचातला एक बाण घसरला असता तर? मुलगा तोच, डोळा तोच, पण आज त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. म्हणजे निवड करताना आपण नेमकं काय बघतो? आज समोर उभं असलेलं शरीर, की उद्या त्याचं काय होऊ शकेल ते?

हा प्रश्न फक्त फलटणचा नाही. जरा आगरतळ्याला जाऊ, म्हणजे त्रिपुरात. तिथली दीपा कर्माकर सहा वर्षांची असताना जिम्नॅस्टिक्सला आली. तिचे तळपाय सपाट होते. जिम्नॅस्टला उडी मारायला आणि उतरताना झटका झेलायला तळपायाची कमान लागते, त्यामुळे सपाट पाय म्हणजे मोठाच अडथळा. पण तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी तिला नाही म्हटलं नाही. वर्षानुवर्षं व्यायाम करून घेतला. साधनं धड नव्हती, तर जुन्या स्कूटरचे भाग वापरून ती तयार केली. तीच दीपा २०१६ मध्ये ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली. रिओत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत तिनं प्रोदुनोव्हा ही अतिशय धोकादायक उडी मारली आणि चौथी आली. कांस्यपदक हुकलं ते ०.१५० गुणांनी! जिम्नॅस्टिक्समध्ये तर निवड आणखी लहान वयात होते. सहाव्या-सातव्या वर्षी कुणी म्हटलं, ‘हिचे पाय चालणार नाहीत’, की विषय संपला.

आता परत प्रवीणकडे. २०१६ मध्ये बँकॉकच्या आशिया चषकात तो पहिल्यांदा भारताकडून खेळला आणि सांघिक कांस्यपदक घेऊन आला. मग खेळाडू म्हणून सैन्यात भरती झाली, पगार सुरू झाला. जून २०१९ मध्ये नेदरलँड्समधली जागतिक स्पर्धा. तरुणदीप राय, अतनू दास आणि आपला प्रवीण. या तिघांनी भारताला रौप्यपदक मिळवून दिलं आणि टोकियोच्या सांघिक स्पर्धेतली जागाही. पुरुषांचा रिकर्व्ह संघ जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला होता तो तब्बल १४ वर्षांनी.

टोकियोत, २३ जुलै २०२१ ला, पात्रता फेरी झाली. प्रवीणचे ६५६ गुण, एकतिसावा क्रमांक. तसा फार वरचा नाही, पण तिन्ही भारतीय पुरुषांत सगळ्यात पुढे. त्यामुळे मिश्र दुहेरीत दीपिका कुमारीसोबत अतनूऐवजी प्रवीण उतरला. दीपिका आणि अतनू नवरा-बायको, ठरलेली जोडी. ती मोडली म्हणून सोशल मीडियावर बरीच आरडाओरड झाली. दुसऱ्या दिवशी प्रवीण-दीपिकानं चायनीज तैपेईला हरवलं, पण उपांत्यपूर्व फेरीत कोरियापुढे दोघं हरली. मग काय, टीका आणखी वाढली.

२८ जुलैला वैयक्तिक सामने झाले. समोर रशियाचा गलसान बझारझापोव्ह, जगात दुसऱ्या क्रमांकाचा. प्रवीणनं त्याला ६-० हरवलं. एकही सेट दिला नाही! पुढच्याच फेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा ब्रेडी एलिसन आला आणि त्यानं प्रवीणला ६-० हरवलं. एकाच दिवशी दुसऱ्या नंबरला धूळ चारायची आणि पहिल्या नंबरकडून हार खायची. खेळ असाच असतो.

स्पर्धा संपते ना संपते तोच वेगळीच बातमी आली. सरड्यातल्या घराच्या बांधकामावरून त्याच्या कुटुंबाचा शेजाऱ्यांशी वाद झाला होता आणि धमक्या येतात अशी घरच्यांची तक्रार होती. ऑलिंपिकपर्यंत जाऊनही हक्काच्या छपराचा प्रश्न काही सुटला नव्हता. तरी पठ्ठ्या खेळत राहिला. २०२४ मध्ये पॅरिसलाही गेला. पदक तिथेही हुकलं.

आपल्या सातारा जिल्ह्याला ही गोष्ट तशी जुनीच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. २३ जुलै १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आणि अगदी अलीकडची साताऱ्याची अदिती स्वामी. उसाच्या शेतातल्या मैदानावर सराव, वडील शिक्षक, मुलीच्या खेळासाठी त्यांनी कर्ज काढलं. ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ती बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली.

१९५२, २०२१, २०२३. सत्तर वर्षांत प्रबोधिन्या आल्या, सैन्याची खेळकेंद्रं आली, सरकारी मदत वाढली. हे सगळं हवंच. प्रबोधिनी नसती तर भुजबळ सर प्रवीणला पाठवणार तरी कुठे? पण तिन्ही वेळा पहिला पैसा, पहिला घास, पहिला धीर कुणीतरी एका माणसानं दिला. एक प्राचार्य, एक शाळामास्तर, एक बाप. जिथे असा माणूस भेटला नाही, त्या पोरांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. कारण ती पाच बाणांपर्यंत पोचलीच नाहीत.

म्हणून पदक नसतानाही मी हा भाग केला. पदकांची यादी गुगलवर एका क्लिकमध्ये मिळते. पण दुबळ्या खांद्याच्या पोराला आणखी एक वर्ष पोसायचं की घरी पाठवायचं, हे रोज कुठल्यातरी मैदानावर कुणीतरी ठरवत असतं. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, गावच्या मैदानावर पोरांना शिकवत असाल, तर पुढच्या चाचणीत शेवटून पहिला आलेल्या पोराला एवढंच विचारा: सकाळी काय खाल्लंस?

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या तालुक्यातही असं कुणी असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.