रजिस्टरवरचं पहिलं नाव

नर्सिंग कॉलेजांत नव्या मुलींचा दिवे लावण्याचा एक कार्यक्रम असतो. पांढरेशुभ्र गणवेश घालून, हातात दिवा धरून मुली ओळीने उभ्या राहतात आणि 'नाइटिंगेलची शपथ' घेतात. (ही शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटला तयार झाली. असो.) पुढे अभ्यासक्रम संपला की याच मुली कौन्सिलकडे नोंदणीसाठी अर्ज करतात, आणि त्या नोंदणीचा नंबर हातात आल्याशिवाय कुठलंही धड हॉस्पिटल त्यांना दारात उभं करत नाही. एकीकडे दिवा, एकीकडे नंबर. ज्या बाईंच्या नावाने दिवा लागतो, त्यांचाच या नंबराला कडाडून विरोध होता, हे त्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही.

मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा फार गंमतीची वाटली, आणि मग जसजसं वाचत गेलो तशी ती गंमतीची राहिली नाही. कारण बाईंचा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नव्हता.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नाइटिंगेलच्या निधीतून नर्सेसची शाळा सुरू झाली. शिकणं एक वर्षाचं, पुढे काही वर्षं करारावर नोकरी. या शाळेत दर मुलीसाठी एक मासिक तक्ता असे आणि तो मेट्रन मिसेस वॉर्डरोपर भरत. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा असे रकाने होते. मलमपट्टी, रुग्णाची शुश्रूषा वगैरे कामाचे रकाने वेगळे. प्रत्येक रकान्यात उत्तम, चांगलं, मध्यम, अपुरं असा शेरा. नाइटिंगेलबाई स्वतः आकडेशास्त्रातल्या जाणकार, तेव्हा तक्ते त्यांना नवीन नव्हते. पण त्यांची श्रद्धा होती ती तक्त्यापेक्षा तो भरणाऱ्या बाईच्या नजरेवर. दिवसरात्र वॉर्डात वावरणारी मेट्रनच सांगू शकते की ही मुलगी रात्री तीन वाजता, कुणी बघत नसताना, पेशंटला कूस बदलायला मदत करते की नाही. परीक्षेच्या पेपरात हे कसं उतरणार?

१८८७ साली दुसऱ्या एका बाईने नेमकी उलट मागणी केली. एथेल मॅन्सन. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८८१ मध्ये, ही सेंट बार्थोलोम्यू या लंडनच्या जुन्या हॉस्पिटलची मेट्रन झाली होती. तिथे तिने शिक्षण तीन वर्षांचं केलं. १८८७ मध्ये डॉक्टर बेडफर्ड फेनविक यांच्याशी लग्न झालं आणि त्याकाळच्या रीतीप्रमाणे नोकरी सुटली. रिकामी बसणारी बाई नव्हती ती. त्याच वर्षी तिने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली. मागणी एकच: डॉक्टरांचं सरकारी रजिस्टर १८५८ च्या कायद्याने झालं, तसंच नर्सेसचं व्हावं. तीन वर्षं शिक्षण, सगळ्या देशाला एकच परीक्षा, आणि रजिस्टरवर नाव. नाव नसेल तिला 'नोंदणीकृत नर्स' म्हणवून घेता येणार नाही.

तेव्हाची परिस्थिती पाहिली तर या मागणीमागची तळमळ कळते. घरी आजारी माणूस असलं की खाजगी नर्स बोलवायची पद्धत होती. येणारी बाई तीन वर्षं शिकलेली आहे, तीन महिने शिकलेली आहे की फक्त टोपी आणि एप्रन विकत घेऊन आलेली आहे, हे घरच्यांना कळायचा काही मार्गच नव्हता. प्रामाणिकपणे शिकलेल्या बाईला त्या टोपीवालीच्या दराने काम करावं लागे.

नाइटिंगेलबाईंचं उत्तर असं होतं, की रजिस्टर चांगल्या आणि वाईट नर्सला एकाच पातळीवर आणून बसवेल. दोघींकडे सारखाच कागद. आणि आज नाव लिहिलं म्हणजे आज ती लायक आहे एवढंच कळलं. दहा वर्षांनी ती कशी असेल, दारू पीत असेल, काम विसरली असेल, हे रजिस्टर कसं सांगणार? लोक मात्र त्या जुन्या नोंदीवर विश्वास ठेवून आपला माणूस तिच्या हाती सोपवतील.

हा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. फेनविकबाईंच्या संस्थेला राजाश्रय होता, व्हिक्टोरिया राणीची मुलगी राजकन्या हेलेना अध्यक्ष होती. १८९३ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. पण सनदेत 'रजिस्टर' हा शब्द येऊ द्यायचा नाही म्हणून नाइटिंगेल पक्षाने जिवाचं रान केलं. शेवटी शब्द आला तो 'यादी'. दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असं समाधान करून घेतलं. सरकारी शब्दांवरून होणारी ही भांडणं आपल्याला नवीन नाहीत म्हणा.

पण विरोध करणारे सगळेच नाइटिंगेलबाईंसारखे तत्त्वाने विरोध करत होते असं मला वाटत नाही. लंडन हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. तिथल्या मेट्रन इव्हा लूकेस या नाइटिंगेलबाईंच्या जवळच्या, आणि पुढे हॉस्पिटलचे अध्यक्ष झालेले सिडनी हॉलंड हे नोंदणीचे कट्टर शत्रू. तिथे शिक्षण दोन वर्षांचं. हॉस्पिटल आपल्या नर्सेस श्रीमंतांच्या घरी खाजगी शुश्रूषेला पाठवी, फी हॉस्पिटलकडे जमा होई आणि नर्सला ठरलेला पगार मिळे. तीन वर्षांची अट आली असती तर या हिशेबाचं काय झालं असतं, ते सांगायला नको. चारित्र्य कागदावर मोजता येत नाही, हे म्हणणं अशा वेळी फार सोयीचं पडतं.

उलट फेनविकबाईंची बाजूही अगदी धुतल्या तांदळासारखी नाही. त्यांना नर्सिंग हा सुखवस्तू, शिकलेल्या घरातल्या मुलींचा पेशा करायचा होता. वर्कहाऊसच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं राबलेल्या, प्रमाणपत्र नसलेल्या गरीब बायकांचं काय, याची त्यांना फारशी फिकीर दिसत नाही. ही गोष्ट पुढे त्यांच्यावरच उलटली.

इंग्लंडात हा घोळ चालू असताना साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला काम होऊनही गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनीत १८९१ मध्ये, किंबर्लीच्या सिस्टर हेन्रिएटा यांच्या खटपटीने, डॉक्टरांच्या कायद्यातच नर्सेसच्या नोंदणीची तरतूद झाली. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नर्सेससाठी स्वतंत्र कायदा केला, असा जगातला पहिलाच, आणि जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉहर्टी या बाईंचं नाव तिथल्या रजिस्टरवर पहिलं लागलं. लंडनमध्ये मात्र १९०५ साली संसदेच्या समितीने अनुकूल अहवाल देऊनसुद्धा विधेयकं येत राहिली आणि पडत राहिली. ज्यांच्यासाठी कायदा मागत होत्या त्या बायकांना मतदानाचाच हक्क नव्हता, तेव्हा घाई कुणाला असणार? १९१० मध्ये नाइटिंगेलबाई गेल्या तेव्हाही इंग्लंडात रजिस्टर नव्हतं.

मग महायुद्ध आलं. थोडंफार शिकवून हजारो स्वयंसेविका लष्करी हॉस्पिटलांत आल्या, आणि शिकलेली नर्स कोण, हौशी कोण, हा प्रश्न अगदी वॉर्डात येऊन उभा राहिला. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं. नोंदणी मागणाऱ्यांतही आता दोन तट पडले होते, त्यामुळे शेवटी आरोग्यमंत्री ॲडिसन यांनी सरकारतर्फेच विधेयक आणलं आणि डिसेंबर १९१९ मध्ये कायदा झाला. मागणी केल्यापासून बत्तीस वर्षांनी.

१९२१ मध्ये रजिस्टर उघडलं. नोंद क्रमांक एक: एथेल बेडफर्ड फेनविक. पुरुष नर्सेसची नावं मुख्य रजिस्टरात नव्हती, त्यांच्यासाठी वेगळा भाग होता आणि तो १९४९ पर्यंत वेगळाच राहिला.

आता फेनविकबाई कौन्सिलच्या नोंदणी समितीच्या प्रमुख होत्या. तीस वर्षं ज्या दारासाठी भांडल्या त्या दारावर त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि एकेक अर्ज डोळ्यांत तेल घालून तपासू लागल्या. कायद्याने जुन्या, अनुभवी नर्सेसना सवलत दिली होती, पण बाईंना कागद हवे होते. अर्जांचे ढीग साचले. १९२१ च्या अखेरीस कौन्सिलच्या बऱ्याच सदस्यांनी वैतागून राजीनामे दिले. १९२२ मध्ये निवडणूक झाली. मतदार कोण, तर रजिस्टरवर नाव असलेल्या नर्सेस. त्यांनी फेनविकबाईंना पाडलं. पुढच्या वर्षी संसदेने प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या नर्सेसनाही आत घ्यायला लावलं. बाई आपल्या मासिकातून शेवटपर्यंत भांडत राहिल्या. १९४७ च्या मार्चमध्ये, नव्वदीत, त्या वारल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९४७ ला, आपल्याकडे भारतीय नर्सिंग कौन्सिलचा कायदा लागू झाला. आपल्याकडे त्याआधी प्रांताप्रांताचा स्वतंत्र कारभार होता. मद्रासचा कायदा १९२६ चा, मुंबई इलाख्याचा १९३५ चा. मुंबईच्या कायद्याच्या नावातच नर्सबरोबर सुईण आणि हेल्थ व्हिजिटर यांचाही उल्लेख आहे, ही मला त्यातली चांगली गोष्ट वाटते. महाराष्ट्र झाल्यावर १९६६ चा राज्याचा कायदा आला. १९४७ चा कायदा बदलून राष्ट्रीय आयोग नेमण्याचा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. तरीही नर्सबाईंच्या तोंडी शब्द एकच, 'कौन्सिल'. राज्य बदललं की कौन्सिल बदलतं, मग जुन्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र आणा, नव्याकडे अर्ज करा, ही धावपळ लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या कुठल्याही सिस्टरना विचारा.

नाइटिंगेलबाईंच्या त्या प्रश्नाला, म्हणजे दहा वर्षांनंतरचं काय, उत्तर द्यायला मात्र रजिस्टरवाल्यांना फार वेळ लागला. नाव काढून टाकायचा अधिकार १९१९ पासूनच होता, पण तो काहीतरी घडून गेल्यावर वापरायचा. महाराष्ट्रात आता दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१६ पासून दर तीन वर्षांनी फेरतपासणी असते: किमान ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास शिक्षण, स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेली पाच टिपणं. त्याच अर्जात आपली प्रकृती आणि चारित्र्य चांगलं असल्याचंही लिहून द्यायचं असतं. मिसेस वॉर्डरोपर भरत असत तो रकाना आता ज्याची त्याने स्वतःच भरायचा आहे.